पैसे एचडीचे, चित्र पिवळ्या वायरीचे: वाशीच्या एका घरातले प्रकरण

वाशीत खाडीच्या बाजूची जुनी सोसायटी, सहाव्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट. दिवाणखान्यात ५५ इंची फोर-के टीव्ही नव्याने भिंतीवर बसवला. डीटीएचचा बॉक्स एचडी, महिन्याचे पॅकही एचडी वाहिन्यांचे. तरी घरातल्या आजोबांना क्रिकेटच्या सामन्यात कोपऱ्यातला धावफलक नीट वाचता येईना. बारीक रेघांचा सदरा घातलेला कोणी पडद्यावर आला की सदऱ्यावर रंगीत झळा नाचायच्या. "यापेक्षा जुन्या एकवीस इंचीवर बरं दिसत होतं," हे आजोबांचे म्हणणे घरच्यांनी वयावर घातले. टीव्ही दुरुस्तीचा माणूस येऊन पॅनेल उत्तम आहे असे सांगून गेला.

दोघांचेही बरोबर होते. पॅनेल उत्तम होते आणि जुन्या टीव्हीवर खरोखरच बरे दिसत होते.

घरातली मांडणी

टीव्ही एका भिंतीवर आणि बॉक्स समोरच्या भिंतीतल्या कपाटात, अशी रचना आधीच्या मालकाने करून ठेवली होती. गच्चीवरच्या डिशची वायर दाराजवळच्या डक्टमधून कपाटात उतरते. त्याच कपाटात डीव्हीडी प्लेअर, व्हीसीआर आणि जुने होम थिएटर आहे. कपाटापासून टीव्हीपर्यंत भिंतीतून २० मिलिमीटरचा एक पाइप जातो. लांबी सुमारे ९ मीटर, वाटेत तीन वळणे. विजेच्या वायरी दुसऱ्या पाइपमध्ये आहेत. हे आधी तपासावेच लागते, कारण २३० व्होल्टच्या वायरीसोबत एकाच पाइपमध्ये चित्राची वायर कधीच नेऊ नये.

पाइपमध्ये दोन जुड्या होत्या. एक पिवळी-लाल-पांढरी, म्हणजे साधी एव्ही वायर. दुसरी हिरवी-निळी-लाल, म्हणजे कंपोनंट वायर. टीव्ही बसवणाऱ्याने पहिली जोडली आणि दुसरी मागे तशीच लोंबत सोडली. टीव्हीला तीन एचडीएमआय खाचा होत्या. शिवाय अर्धी हिरवी, अर्धी पिवळी कडा असलेली एक गोल खाच, शेजारी निळी, लाल, आणि आवाजाच्या दोन. अशा सामाईक खाचेत पिवळी पिनही बसते आणि हिरवीही. टीव्हीच्या इनपुट यादीत 'एव्ही' निवडायचे की 'कंपोनंट', हे मात्र आपल्याला सांगावे लागते.

थोडक्यात, एचडी बॉक्स ९ मीटरच्या पिवळ्या वायरीवर चालत होता. बॉक्सला एचडी वाहिनी पूर्ण मिळत होती. पिवळ्या पिनमधून बाहेर देताना तो तिचे पाल या जुन्या पद्धतीचे साधे चित्र करून देत होता.

पिवळ्या वायरीत नेमके काय हरवते

भारतात रंगीत प्रक्षेपण १९८२ साली, आशियाई खेळांच्या वर्षी सुरू झाले. तेव्हा स्वीकारलेल्या पाल पद्धतीत ६२५ ओळी असतात आणि त्यातल्या ५७६ ओळींत चित्र असते. पिवळी वायर आजही तेवढेच नेते. आडव्या बाजूला ७२० ठिपके धरले तर एका चौकटीत ४,१४,७२० ठिपके होतात. १९२० गुणिले १०८० च्या चित्रात ते २०,७३,६०० असतात, बरोबर पाचपट. फोर-के पॅनेलवर ८२,९४,४०० ठिपके असतात. म्हणजे पिवळ्या वायरीतून आलेल्या प्रत्येक ठिपक्यामागे टीव्हीला आणखी १९ ठिपके अंदाजाने भरावे लागतात.

आता आजोबांचे निरीक्षण. २१ इंची जुन्या टीव्हीच्या पडद्याची रुंदी सुमारे ४३ सेंटिमीटर. त्यावर ७२० ठिपके पसरले तर एकेक ०.६ मिलिमीटरचा. ५५ इंचीची रुंदी सुमारे १२२ सेंटिमीटर, म्हणजे तोच ठिपका १.७ मिलिमीटरचा झाला. अडीच मीटरवर बसलेल्या निरोगी डोळ्याला साधारण ०.७ मिलिमीटरपर्यंतचा तपशील वेगळा ओळखू येतो. जुन्या टीव्हीवर ठिपके डोळ्याच्या मर्यादेखाली होते, नव्यावर ते उघडे पडले. १०८० च्या चित्रात या पडद्यावर ठिपका ०.६३ मिलिमीटरचा होतो आणि पुन्हा नजरेआड जातो. टीव्ही मोठा घेतला की वायरीचा दर्जाही वाढवावा लागतो, त्याचे कारण हे आहे.

सदऱ्यावरच्या झळांचा ओळींच्या संख्येशी संबंध नाही. पिवळ्या वायरीत उजेडाची आणि रंगाची माहिती एकाच तारेत मिसळलेली असते. रंग ४.४३ मेगाहर्ट्झच्या लहरीवर बसवलेला असतो. चित्रात बारीक रेघा आल्या की त्यांची उजेडाची लहर नेमकी त्याच पट्ट्यात पडते आणि टीव्ही तिला रंग समजून बसतो. सदऱ्यावर, पैठणीच्या काठावर, इमारतीच्या जाळीवर इंद्रधनुष्य दिसते ते यामुळे. टीव्हीची कोणतीही सेटिंग बदलून हे पूर्ण जात नाही, कारण मिसळलेले पुन्हा नीट वेगळे करता येत नाही.

हिरवी-निळी-लाल जुडी

अॅनालॉग म्हणजे वाईट आणि डिजिटल म्हणजे चांगले असे सरसकट मानले तर ही जुडी न तपासताच फेकली गेली असती. ते चुकीचे ठरले असते. कंपोनंट जोडणी अॅनालॉगच आहे, पण तिच्यात हिरव्या तारेतून उजेड, निळ्या आणि लाल तारेतून रंगाचे दोन फरक असे तिघे वेगळे जातात. १०८०आय चित्र (१०८० ओळी, पण एका खेपेला एकाआड एक) ती सहज नेते. आपल्याकडच्या एचडी वाहिन्या बहुतेक १०८०आयमध्येच येतात. या घरातला बॉक्स जुन्या पिढीचा असल्यामुळे त्याला कंपोनंटच्या खाचाही होत्या. नव्या बॉक्सना त्या सहसा नसतात.

पहिल्या जोडणीत चित्र आले, पण रंग विचित्र: आकाश हिरवट आणि हळदीकुंकवाच्या कार्यक्रमातली हळद फिकट गुलाबीसर. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण रंग पाहून कोणती तार गेली ते ओळखता येते. निळी तार तुटली की निळे-पिवळे रंग असे बिघडतात. लाल तार तुटली की सगळे चित्र हिरवट पडते आणि चेहऱ्यांतला लाल जातो. निळी आणि लाल एकमेकांच्या जागी लागली तर चेहरे निळे दिसतात. हिरवी नसेल तर चित्रच येत नाही, कारण चित्र जागेवर धरणारी खूण तिच्यातूनच जाते. आणखी एक गोंधळ नेहमी होतो. जुड्यांमध्ये लाल पिना दोन असतात, एक चित्राची आणि एक उजव्या स्पीकरची. त्या अदलाबदल झाल्या तर चित्र हिरवे आणि उजव्या स्पीकरमधून मोठी घरघर.

इथे निळ्या पिनेवर हिरवट कळंक चढलेला होता. खाडीकाठच्या हवेत उघड्या पडलेल्या तांब्याचे असेच होते. तपासणी सोपी आहे: एका टोकाला पिनेचा मधला खिळा आणि बाहेरची कडी तारेच्या तुकड्याने जोडायची, दुसऱ्या टोकाला मल्टिमीटरने ओम मोजायचे. हिरवी आणि लाल तार दोन ओमच्या आसपास स्थिर होत्या. निळीचा आकडा पिन हलवली की कधी पाच, कधी चाळीस. टोकाकडची काळी पडलेली ५ सेंटिमीटर वायर कापून नवी पिन डाखली, बाकीच्या पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसल्या. रंग जागेवर आले.

त्यानंतर बॉक्सच्या मेनूत चित्राचे आउटपुट पाहिले. ते ५७६आयवर होते. पिवळ्या वायरीच्या काळात कुणी लावले असावे. १०८०आय केल्याबरोबर धावफलक वाचता येऊ लागला. नव्या वायरीचा एक रुपयाही खर्च झालेला नव्हता.

समोरासमोर तुलना

मग बॉक्स तात्पुरता टीव्हीखाली आणला. डिशची वायर जमिनीवरून १० मीटरच्या सुट्या वायरीने वाढवली आणि बॉक्स दीड मीटरच्या एचडीएमआयने टीव्हीला जोडला. तुलनेसाठी चालता सामना उपयोगी नाही, चित्र सतत बदलते. बॉक्सचा मेनू आणि एखाद्या बातम्यांच्या वाहिनीची खालची पट्टी पाहावी: स्थिर, बारीक, काळी-पांढरी अक्षरे.

एचडीएमआयवर अक्षरांच्या कडा किंचित जास्त कोरीव होत्या, जवळ गेल्यावर. सोफ्यावरून फरक सांगणे अवघड होते. कंपोनंटमध्ये बॉक्स डिजिटलचे अॅनालॉग करतो आणि टीव्ही त्याचे पुन्हा डिजिटल करतो. या दोन रूपांतरांची किंमत एवढीच. पिवळीवरून कंपोनंटवर जाताना जी उडी पडली, तिच्यापुढे कंपोनंटवरून एचडीएमआयचा फरक लहान होता.

मग कंपोनंटवरच का थांबायचे नाही? या घरात तीन कारणे होती. बॉक्स बिघडून बदलून मिळाला तर नव्याला ही खाच नसण्याचीच शक्यता जास्त. आवाजासाठी वेगळी लाल-पांढरी जोडी ठेवावी लागते. आणि पुढे ब्ल्यू-रे प्लेअर घ्यायचा विचार होता. ब्ल्यू-रेच्या नक्कल-संरक्षणाच्या नियमांनी २०१० नंतर बनलेल्या प्लेअरना अॅनालॉगवर फक्त साध्या दर्जाचे चित्र देण्याची मर्यादा घातली, आणि २०१३ नंतर बनलेल्यांतून संरक्षित चित्राचे अॅनालॉग आउटपुट काढूनच टाकले. तिथे हिरवी-निळी-लाल वायर कितीही चांगली असली तरी उपयोगाची नाही.

भिंतीतून काय ओढायचे

घरच्यांचा पहिला विचार दहा मीटरची तयार एचडीएमआय केबल आणून पाइपमधून ओढण्याचा होता. ती ओढता येत नाही. एचडीएमआयच्या डोक्याचा धातूचा भाग १४ मिलिमीटर रुंद आहे, त्यावरचे प्लॅस्टिक धरून सुमारे २० होते. २० मिलिमीटर पाइपची आतली पोकळी त्याहून कमी असते. डोके कापून घरी पुन्हा बसवणे हा उपाय नाही. आतल्या १९ जोडण्या आणि जोडीने पिळलेल्या तारांचे अंतर हाताने जुळत नाही.

जाडीपेक्षाही मोठा प्रश्न वेगाचा. १०८०आय चित्राला एचडीएमआयच्या प्रत्येक जोडीतून सेकंदाला ७४.२५ कोटी बिट जावे लागतात. १०८०पीला, म्हणजे सगळ्या ओळी एकदम येणाऱ्या चित्राला, दुप्पट. सेकंदाला ६० चौकटींच्या फोर-केला ५९४ कोटी, म्हणजे आठपट. दहा मीटरची तांब्याची साधी केबल १०८०आय निमूट चालवते आणि फोर-केवर पडद्यात पांढरे ठिपके चमकू लागतात किंवा चित्र दोन सेकंद जाते आणि परत येते. अॅनालॉग वायर खराब झाली की चित्र हळूहळू मऊ होते. डिजिटल शेवटपर्यंत ठणठणीत राहते आणि मग एकदम कोसळते. म्हणून आज चालली म्हणजे केबल चांगली असे समजू नये. तिच्यावर ज्या वेगाने उद्या काम पडणार, त्या वेगाला तपासावी. खोक्यावरचा '२.०' किंवा '२.१' हा आकडा केबलचा नसतो, तो उपकरणांचा असतो. केबलवर 'प्रीमियम हाय स्पीड' किंवा 'अल्ट्रा हाय स्पीड' ही प्रमाणित चिठ्ठी शोधावी.

ऑप्टिकल फायबरची एचडीएमआय मिळते. काहींचे डोके सुटे करता येते आणि आतले छोटे टोक पाइपमधून जाते. ती एकाच दिशेने चालते. 'सोर्स' लिहिलेले टोक बॉक्सकडे आणि 'डिस्प्ले' टीव्हीकडे. उलटे ओढले तर चित्र येत नाही आणि पुन्हा सगळे बाहेर काढावे लागते. पंधरा-वीस मीटरच्या हॉलमध्ये किंवा प्रोजेक्टरला हीच घ्यावी.

या घरात मात्र अधिक सोपी वाट होती, आणि ती तुलनेसाठी जमिनीवर पसरलेल्या वायरीने आधीच दाखवली होती. एचडीएमआय भिंतीतून न्यायचीच नाही. डिशची वायर टीव्हीपर्यंत न्यायची आणि बॉक्स टीव्हीखाली आणायचा. डिशची आरजी-६ वायर सुमारे ७ मिलिमीटर जाड असते आणि ती बिनटोकाची ओढून टोक नंतर बसवता येते. एलएनबीकडून, म्हणजे डिशसमोर बसवलेल्या छोट्या डब्याकडून, येणारा ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा सिग्नल नेण्यासाठीच ती बनलेली आहे. आणखी दहा मीटरने तिला काही होत नाही.

काम असे झाले. बॉक्सचे प्लग आधी काढले. हे विसरू नये, कारण या वायरीतून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्टचा पुरवठा जातो आणि टोक उघडताना जाळीचा तंतू मधल्या तारेला लागला तर बॉक्सचा तो भाग जळू शकतो. ९ मीटर पाइपसाठी ११ मीटर वायर घेतली, दोन्ही टोकांना एकेक मीटर हात ठेवून. जुनी पिवळी-लाल-पांढरी जुडी काढताना तिच्याच मागे नायलॉनची दोरी बांधून आत घेतली आणि त्या दोरीने आरजी-६ ओढली. वायरीला शंखजिरे चोळले. दुसऱ्या वळणावर अडकली तेव्हा वायरमनने जोर न लावता अर्धा मीटर मागे घेऊन फिरवून पुन्हा ओढली. आरजी-६ ला ताणून किंवा ७ सेंटिमीटरपेक्षा लहान वळणात दाबून चालत नाही. आतला फोम चेपला की नेमक्या काही वाहिन्या जातात आणि बाकीच्या चालतात, मग दोष शोधता शोधता दिवस जातो. हिरवी-निळी-लाल जुडी पाइपमध्ये तशीच राहू दिली.

टोकांना दाबून बसवायचे कॉम्प्रेशन कनेक्टर वापरले, पिळून बसवायचे नाहीत. मधली तार ६ ते ७ मिलिमीटर बाहेर, जाळी पूर्ण मागे दुमडलेली, एकही तंतू पुढे नाही. कपाटातल्या जुन्या टोकाला जोडताना सरळ जोड आणि रबरी कडी. बॉक्सच्या मेनूत सिग्नलचा दर्जा आधी लिहून ठेवला होता. नंतर पाहिला तर तेवढाच. दर्जा उतरला असता तर पहिला संशय टोकांवर घ्यायचा, वायरीवर नाही.

जागेवर आल्यानंतर

बॉक्स टीव्हीच्या मागे कोंबला नाही. रिमोटचा किरण पोचत नाही आणि उष्णता साचते. खाली छोटी फळी लावली. एचडीएमआय टीव्हीच्या बाजूच्या खाचेत लावली. भिंतीलगतच्या टीव्हीला मागच्या खाचेत ताठ केबल दाबली की तिचे वजन खाचेवर येते आणि वर्ष-दोन वर्षांत खाच ढिली होते.

बॉक्समध्ये १०८०आय आणि १६:९. टीव्हीच्या चित्राच्या आकारात 'जसे आहे तसे' अशा अर्थाचा पर्याय असतो. तो लावला नाही तर टीव्ही कडा कापून चित्र किंचित ताणतो आणि बारीक अक्षरे पुन्हा मऊ होतात. या टीव्हीवर तो एव्ही आणि एचडीएमआयसाठी वेगळा लावावा लागला. दोनदा 'सिग्नल नाही' असे आले तेव्हा दोन्ही बंद करून आधी टीव्ही आणि मग बॉक्स चालू केला. सुरुवातीला टीव्ही आपली क्षमता बॉक्सला सांगतो आणि संरक्षणाची ओळख जुळते. ती देवाणघेवाण अर्धवट राहिली की पडदा काळा राहतो. वायरीत दोष नसतानाही असे होते.

होम थिएटर जुने, त्याला एचडीएमआय नाही. आवाज टीव्हीच्या ऑप्टिकल खाचेतून नेला. टीव्हीत आवाजाचा प्रकार पीसीएम (साधा, न दाबलेला डिजिटल आवाज) ठेवला, मग सर्व वाहिन्यांचा आवाज नीट आला. साध्या दर्जाच्या वाहिन्या एचडीएमआयवरही मऊच दिसतात, हे घरच्यांना स्वतंत्र सांगावे लागले. वाहिनीच ५७६ ओळींची असेल तर वायर त्यात भर घालू शकत नाही.

उरला व्हीसीआर. घरात १९९० च्या दशकातली लग्नाची कॅसेट आहे, ती पाहायची होती. एव्ही-टू-एचडीएमआयचा छोटा डबा घ्यावा का, असे विचारले गेले. इथे घेऊ नये. व्हीएचएस कॅसेटवरचा तपशील पिवळ्या वायरीपेक्षाही कमी असतो. डबा १०८०पी लिहून पाठवेल, पण नवे काही आणणार नाही आणि रूपांतराची एक पायरी वाढवेल. शिवाय दुकानात उलट्या दिशेचा, एचडीएमआय-टू-एव्ही, तंतोतंत तसाच दिसणारा डबा मिळतो आणि लोक चुकून तोच आणतात. ज्यांच्या टीव्हीला एव्हीची खाचच नाही त्यांनी मात्र घ्यावा आणि त्याला वेगळा ५ व्होल्टचा पुरवठा द्यावा. व्हीसीआर इथे टीव्हीखालच्या फळीशेजारी स्टुलावर ठेवून दीड मीटरच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीने सामाईक खाचेत जोडला, इनपुट 'एव्ही', आकार ४:३. ताणून पूर्ण पडदा भरला तर वऱ्हाडातली सगळी माणसे जाड दिसतात. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या ठेवून आजींनी कॅसेट दोनदा पाहिली.